एक हजार चारच्या दारातला खोका

“पहाटे पाचला,” तेरांग म्हणाला. “आणि ज्याला जाग येणार नाही त्याने उद्यापासून स्वतःला गुप्तहेर म्हणवून घ्यायचं नाही.”

हे म्हणताना तो मुद्दाम ग्योमकडे बघत होता. ग्योम नऊ वर्षांचा होता आणि झोपण्यात त्याचा हात धरणारं नूरी इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. जागा असतानाही तो अर्धा झोपेतच असतो, असं त्याची ताई नारे म्हणायची. नारे बारा वर्षांची. तेरांगही बाराचाच, पण तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी सांगितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

तिघं दहाव्या मजल्यावरच्या जिन्यात बसले होते. उन्हाळ्याची सुट्टी लागून आठवडा झाला होता. खाली बुसानचं बंदर दिसायला हवं होतं, पण समुद्रावरून आलेल्या धुक्याने सकाळपासून सगळं यंगदो बेट गिळून टाकलं होतं. धक्का नाही, पूल नाही, समोरची इमारतही नाही. मधूनच एखाद्या जहाजाचा भोंगा यायचा आणि तो कुठून येतोय तेही कळायचं नाही. अशा दिवशी आपली इमारत जागा सोडून हळूहळू कुठेतरी निघाली आहे असं ग्योमला वाटायचं. तो तसं बोलूनही दाखवायचा, आणि मग तेरांग त्याला विचारायचा, तिकीट काढलंस का.

आज मात्र कोणाला थट्टा सुचत नव्हती. बुधवारी छॉनसा आजीला घेऊन जाणार होते, आणि आज सोमवार होता.

छॉनसा आजी म्हणजे एक हजार चार नंबरच्या घरातल्या ओक्बुन आजी. एक हजार चार हा आकडा कोरियनमध्ये वाचायचा ‘छॉनसा’, आणि छॉनसा म्हणजे देवदूतसुद्धा. घराच्या नंबराला शेवटी ‘हो’ लावायचा, की झालं छॉनसा-हो. असा शुभ नंबर मिळाल्याचं आजींना मोठं कौतुक होतं. बहात्तर वर्षांच्या आजी त्या घरात एकट्या राहायच्या. त्यांच्या दारावरून जाणाऱ्याला ‘जेवलास का’ असं विचारल्याशिवाय त्या पुढे सोडत नसत, आणि नाही म्हणालात तर मग तुमची सुटका नव्हती.

भानगड सुरू झाली होती महिन्याभरापूर्वी. दर मंगळवारी पहाटे आजींच्या दाराशी किराण्याचा एक मोठा खोका येऊ लागला. आता फोनवर सामान मागवायचं आणि सकाळी डोळे चोळत दार उघडून दूध-भाजी आत घ्यायची, यात कोणाला नवल वाटत नाही. निम्मी इमारत तेच करते. पण आजींनी काही मागवलंच नव्हतं! त्यांचा फोन मोठाल्या बटणांचा, जुना. मासळी तर त्या बाजारात जाऊन, तिच्या डोळ्यात बोट घालून मगच घेत. आणि खोक्यात काय, तर किमचीचा मोठा डबा, रामयॉन नूडल्सची पेटी, डुकराचं मांस, कांदे, कॉफीच्या शंभर पुड्या, पिवळी धमक चामे खरबुजं. शिवाय तळव्याला लाल रबर लावलेले सुती हातमोजे, दहा जोड.

त्यातलं शेवटचं खरबूज आजींनी आजच कापून मुलांपुढे ठेवलं होतं. तेव्हाच नारेने विचारलं होतं, की हे पाठवतं कोण.

“आमचे हे,” आजी म्हणाल्या होत्या. म्हणतानाच त्यांचे कान लाल झाले होते.

आजींचे ‘हे’, किम मान्सू, पस्तीस वर्षांपूर्वी अशाच धुक्यात मासेमारीला गेले आणि बोटीसकट परत आले नाहीत. हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. समुद्राकडच्या खिडकीचा पडदा आजींनी त्या घरात एकदाही उघडला नव्हता, हेही माहीत होतं. पण त्या कधी आजोबांबद्दल बोलत नसत. आज त्यांनी कपाटाचा खण ओढला आणि चार लेबलं काढून टेबलावर मांडली. खोका कचऱ्यात टाकायच्या आधी लेबल सोलून काढावंच लागतं. आजींनी ती सोलून जपून ठेवली होती. कोणाचं पूर्ण नाव वाटेवरच्या लोकांना कळू नये म्हणून कंपनी नावातलं मधलं अक्षर झाकते. त्यामुळे चारही लेबलांवर छापलं होतं, ‘किम ✱ सू’.

“मधलं अक्षर मी वाचते,” आजी हळूच म्हणाल्या.

नारेने लेबलं एकावर एक नीट रचून ठेवली होती. किम आणि सू यांच्यामधल्या त्या चांदणीकडे ग्योम मात्र कितीतरी वेळ बघत राहिला होता.

हेच आजींनी आपल्या मुलीला, सन्योंगला, फोनवर सांगितलं होतं आणि तिथेच घात झाला. सन्योंग सोलमध्ये नोकरी करायची. इमारतीचे व्यवस्थापक चू साहेब यांनी तिला आधीच फोन करून कळवलं होतं, की तुमची आई खोकेच्या खोके मागवते आणि मी मागवलेच नाहीत म्हणते. त्यात आईने आता वडील किराणा पाठवतात म्हटल्यावर सन्योंगने घाबरून एका वृद्धाश्रमात जागा पक्की केली. बुधवारी सकाळी ती आजींना न्यायला येणार होती.

“तिला वाटतं मी एक दिवस गॅस चालू ठेवून विसरेन,” आजी म्हणाल्या होत्या. “बहात्तर वर्षांत मी एकदाही विसरले नाही गं. पण खोका कुठून येतो ते मला सांगता येत नाही ना, म्हणून मी वेडी.”

तिथून मुलं तडक चू साहेबांकडे गेली होती. साहेब पंख्यासमोर पाय पसरून बसले होते. म्हातारपण हे असंच असतं बाळांनो, जा, खेळा, असं सांगून त्यांनी दुसरा पायही पंख्याकडे वळवला. लेबल वाचायला ते एकदाही दहाव्या मजल्यावर चढले नव्हते. चढायचं तरी कशाला म्हणा, लिफ्ट होती.

म्हणून आता जिन्यात ही मसलत चालली होती. पहाटे खोका आणणाऱ्यालाच दाराशी पकडायचं, असा तेरांगचा बेत होता.

“पकडून काय करणार?” नारे म्हणाली. “सामान आणणाऱ्याला काय माहीत असणार? त्याच्या हातात पत्ता असतो फक्त.”

“मग तू सांग, तू लहान असलीस तरी.”

“तो फोटो काढतो ना? खोका दाराशी ठेवला की फोटो काढतो आणि ज्याने मागवलंय त्याला पाठवतो.” नारेचे डोळे चमकले. “मग त्या फोटोतूनच आपण निरोप पाठवायचा.”

तेरांगने नाइलाजाने मान डोलावली. कल्पना त्याची नव्हती एवढाच तिच्यात दोष होता.

पहाटे पाचला सगळ्यांत आधी हजर होता ग्योम, पांघरुणासकट. नूरीची इमारत जुनी, घरांपुढून लांबच लांब उघडी गॅलरी जाणारी. धुकं कठडा ओलांडून आत आलं होतं आणि गॅलरीतले दिवे त्यात पिवळे गोळे होऊन तरंगत होते. टोकाची घरं दिसतच नव्हती. नारेने आजींच्या दारावर मोठा कागद चिकटवला: ‘हा खोका तुम्ही कोणाला पाठवला? कृपया फोन करा.’ खाली तेरांगचा नंबर. मग तिघं पाण्याच्या मीटरांच्या पेटीआड दबा धरून बसले.

सव्वापाचच्या सुमारास लिफ्टची घंटा वाजली. पावलं आली, पण माणूस दिसेना. नुसताच खोका धुक्यातून चालत येतोय असं वाटत होतं. ग्योमने नारेचा हात घट्ट धरला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिघांनाही तेच वाटलं, जे ग्योमला एरवीही वाटायचं. पस्तीस वर्षांपूर्वी धुक्यात गेलेला माणूस धुक्यातूनच परत येणार, दुसरीकडून कुठून येणार?

मग खोक्यामागचा माणूस जोरात शिंकला.

“दादा, थांबा!” तेरांग उडी मारून पुढे झाला, आणि त्या बिचाऱ्या दादाने खोका जवळजवळ पायावर पाडून घेतला. पंचविशीतला, घामाने निथळणारा पोरगा होता तो. सात वाजायच्या आत अजून चाळीस दारं करायची आहेत, काय ते पटकन बोला, असं तो म्हणाला. नारेने विचारलं, की हे सामान नक्की याच घरचं कशावरून?

त्याने लेबलावर बोट ठेवलं. “वाच. ‘नूरी, छॉनसा-हो, किम ✱ सू. समोर ठेवा.’ ही नूरी. हा छॉनसा-हो. हे समोर. झालं समाधान?”

“पण नंबर आकड्यात का नाही लिहिला?” तेरांगने विचारलं.

“हल्ली लोक फोनला तोंडी सांगतात, फोन ऐकतो ते लिहितो. मागच्या आठवड्यात मला एकाने ‘अगं उकळलं का बघ’ या पत्त्यावर कोबी पाठवायला लावला होता.” त्याने खोका ठेवला, कागदासकट दाराचा फोटो काढला, पाठवला, आणि पुन्हा धुक्यात शिरून दिसेनासा झाला.

निरोप तर गेला. आता फोन यायचा होता. तिघं तेरांगच्या फोनभोवती बसून राहिले. सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. एकदा फोन वाजला तेव्हा तिघांची डोकी एकमेकांवर आपटली, पण ती तेरांगची आई होती आणि तिला एवढंच हवं होतं, की अंथरूण न आवरता हा कार्टा गेला कुठे. ज्याने किराणा मागवला त्याने फोटो बघितलाच नसणार, असा विचार कोणाच्याही मनात आला नाही. मुलं फोनकडे बघत होती, म्हणून मोठी माणसंही बघत असतील असं त्यांना वाटलं.

अकरा वाजले तशी नारे रडकुंडीला आली. उद्या या वेळेला आजींच्या दाराला कुलूप असणार होतं.

ग्योमला फोनकडे बघून कंटाळा आला होता. तो तेरांगची पक्षी बघायची दुर्बीण घेऊन कठड्याशी उभा होता. धुकं विरळ होऊ लागलं होतं. आधी पुलाचे खांब आले, त्यांच्यावर पूल नव्हता. मग पूल आला. मग खाली, दुधात बुडवलेले पाव वर यावेत तशा धक्क्यावरच्या बोटी एक एक करून वर आल्या. धुक्यामुळे आज त्या सुटल्याच नव्हत्या. ग्योम एकेकीचं नाव वाचू लागला. वाचनात तो कच्चा होता, त्यामुळे मोठ्याने वाचायचा.

“मानबोक-हो… तेयांग-हो… छॉन… छॉनसा-हो…” तो थांबला. “ताई, बोटींच्या नावाला पण ‘हो’ लावतात?”

“हो लावतात, बंदरावर राहतोस आणि एवढं–” नारेचं वाक्य तिथेच अडलं.

तेरांगने तिच्याकडे बघितलं. तिने तेरांगकडे बघितलं. घराच्या नंबराला ‘हो’, बोटीच्या नावालाही ‘हो’. आणि इमारत नूरी, तसा खालचा धक्काही नूरीच. धक्क्यावरूनच तर इमारतीला नाव पडलेलं.

“हातमोजे,” तेरांग पुटपुटला. “आजींना कोण कशाला दहा जोड हातमोजे पाठवेल? काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

“आणि खरबुजं आपण खाल्ली,” ग्योम घाबरून म्हणाला.

लिफ्टची वाट बघण्याएवढा धीर कोणालाच नव्हता. दहा मजले आणि त्यापुढची डोंगरउतारावरची सगळी पायरी-पायरीची वाट उतरून ते धक्क्यावर पोहोचले, तेव्हा ‘छॉनसा-हो’ समोरच उभी होती. निळी, बुटकी, गंजाचे पोपडे आलेली. तिचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, एका उपड्या क्रेटवर बसून जेवत होता. भातात गार पाणी ओतलेलं आणि तोंडी लावायला हिरवी मिरची, दुसरं काही नाही. बाकीचे पाच खलाशीही तेच खात होते.

“काका, तुमचं नाव किम काहीतरी सू आहे का?” धापा टाकत नारेने विचारलं.

“किम ग्वांगसू. का?”

नारेने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तांडेलचा चेहरा मिरचीसारखा झाला, म्हणजे आधी हिरवा आणि मग लाल. घोळ असा होता. बोटीला किराणा देणारं कोपऱ्यावरचं दुकान महिन्यापूर्वी बंद झालं. तेव्हापासून सामान पाठवणं हे बोटीचे मालक बांग यांचं काम. बांग म्हणजे तांडेलच्या बहिणीचा नवरा. दर मंगळवारी बोट सुटायची वेळ व्हायची आणि सामान यायचंच नाही. मेव्हण्याने हात आखडला, असं तांडेलने मनात घेतलं. तोंड उघडून विचारेल तर तो ग्वांगसू कसला? त्याने चार आठवडे आपल्या माणसांना पाणी-भात खायला घातला, पण एका शब्दाने विचारलं नाही.

आरडाओरडा ऐकून खुद्द बांग मालक पलीकडच्या कचेरीतून बाहेर आले, हातात फोन घेऊनच. दर मंगळवारी पाठवतो, दर मंगळवारी ‘पोचलं’ म्हणून येतं, आणि तुम्ही लोक खाऊन ढेकरही देत नाही, असं त्यांचंही म्हणणं होतं. धक्क्याचा पत्ता त्यांनी फोनला तोंडी सांगितला होता, बोटीचं नाव सांगितलं होतं, यापलीकडे माणसाने काय करायचं?

“फोटो बघितलेत का?” नारेने विचारलं.

“कसले फोटो?”

तेरांगने त्यांच्या फोनवर बोटाने दाखवलं. बांग मालकांनी फोटो उघडले. हिरवं दार, दारापुढे पायपुसणं. तेच दार, तेच पायपुसणं. पुन्हा तेच. आणि आज सकाळचा, पाचवा, त्यात दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांचा कागद.

“पाच आठवडे तुमच्या फोनवर आजींचं पायपुसणं येतंय,” तेरांग म्हणाला. “बोटीला पायपुसणं असतं का कधी?”

खलाशी पोट धरून हसले. तांडेल हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि आत्ताच्या आत्ता वर जाऊन सामान आणतो म्हणाला. नारे त्याच्या वाटेत आडवी झाली.

“काका, उद्यापर्यंत थांबा. आजींना हे माझ्या तोंडून कळू दे.”

तांडेलने तिच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा खाली बसला. “पस्तीस वर्षं म्हणालीस ना,” एवढंच तो म्हणाला.

पायऱ्या चढताना कोणालाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. न सांगता नाही का चालणार, असं ग्योमने दोनदा विचारलं. सांगितलं नाही तर उद्या त्यांना वेडी ठरवून नेतील, तेरांग म्हणाला. आणि सांगितलं तर आजोबा परत एकदा जातील, ग्योम म्हणाला. नारेला दोघांचंही पटत होतं.

आजी टेबलाशी लसूण सोलत बसल्या होत्या. नारेने काही वगळलं नाही. बोट, तिचं नाव, तांडेल, बांग मालक, सगळं क्रमाने सांगितलं. आजींचे हात थांबले. त्यांनी खणातलं एक लेबल काढलं आणि त्यातल्या चांदणीवर बोट ठेवलं.

“ग्वांग,” त्या म्हणाल्या. “ग्वांगसू.”

मग त्या रडल्या. तोंड न लपवता, लहान मुलासारख्या. ग्योमने आपलं पांघरूण आणून त्यांच्या खांद्यावर घातलं, कारण दुसरं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. बऱ्याच वेळाने आजींनी पांघरुणाच्या टोकाने डोळे पुसले आणि विचारलं, “म्हणजे चार आठवडे ती माणसं जेवली काय?”

“पाणी-भात,” नारे म्हणाली. “आणि मिरची.”

आजी ताडकन उठल्या. “समुद्रावर जाणारी माणसं आणि पाणी-भात?”

“आजी, आमच्यावर रागावलात का?” ग्योमने विचारलं.

“तुमच्यावर कशाला रागावू, खुळ्या? पाठवणारा कोणी का असेना, चार मंगळवार मी आमच्या ह्यांच्याशी बोलले. पस्तीस वर्षांत मी त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. पोरीसमोर तर कधीच नाही.” असं म्हणून आजींनी बाह्या सरसावल्या आणि तिघांना कामाला जुंपलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक हजार चारमधून तिखट मांसाचा, तिळाच्या तेलाचा आणि सुक्या मांदेल्यांचा असा वास येत होता, की खालच्या मजल्यावरची माणसं काही ना काही निमित्त काढून वर येत होती.

बुधवारी सकाळी नऊला सन्योंग आली. सोबत चू साहेब होते. दार सताड उघडं, घरात कोणी नाही.

“पळाल्या,” चू साहेब म्हणाले. “मी तुम्हाला म्हणालो नव्हतो?”

“पळाल्या नाहीत, जेवण घेऊन गेल्यात,” कठड्यावर पाय हलवत बसलेला तेरांग म्हणाला. त्याला याचसाठी तिथे ठेवलं होतं. “चला मावशी, दाखवतो. साहेब, तुम्हीही या. पायऱ्या आहेत, पण उतरायच्याच आहेत.”

धक्क्यावर आजी उभ्या होत्या. सन्योंग लांबच थबकली. आपल्या आईला तिने समुद्राकडे तोंड करून उभं राहिलेलं कधी बघितलंच नव्हतं. आजींच्या पुढ्यात डबे, पातेली, भाताच्या गुंडाळ्यांचे ढीग होते, आणि एका बाजूला न फोडलेलं सामान रचून ठेवलेलं होतं. त्या बांग मालकांना एकेक गोष्ट समजावून सांगत होत्या.

“पहिल्या मंगळवारी किमचीचे दोन डबे आले. एक मी खाल्ला, दुसरा एक हजार सातमध्ये दिला, तिथल्या पोरीचं बाळंतपण झालंय. मांस दोनदा आलं. तिसऱ्या मंगळवारी कांदे आलेच नाहीत.”

बांग मालक फोनमध्ये बोट फिरवत होते. “नाही हो आजी, कांदे दर आठवड्याला मागवलेत मी.”

“तिसऱ्या मंगळवारी नाही. त्या दिवशी कांद्यांऐवजी बटाटे होते. बारा. नीट बघा.”

बांग मालकांनी नीट बघितलं. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि मान खाली घातली. “बटाटेच होते,” ते म्हणाले.

“खरबुजं मात्र सगळी या पोरांच्या पोटात गेली,” आजी म्हणाल्या, आणि खलाशांमध्ये हशा पिकला.

ज्या बाईला काही आठवत नाही म्हणून न्यायला आले होते, ती बाई महिन्याभराचा किराणा बोटांवर मोजून दाखवत होती. सन्योंगने हळूच चू साहेबांकडे बघितलं. साहेब एकदम बोटींचं निरीक्षण करू लागले.

“साहेब,” आजींनी त्यांना तिथेच गाठलं. “तुम्ही माझ्या खोक्यावरचं लेबल एकदा तरी वाचलं होतंत का?”

“मला वाटलं–” चू साहेब म्हणाले, आणि रुमालाने मान पुसू लागले.

“या पोरांनी वाचलं,” तांडेल म्हणाला. त्याने तिघांसमोर येऊन टोपी काढली. “पोटाला माझ्याही चिमटा बसला होता, पण मान खाली घालून विचारायला मला जमलं नाही. तुम्ही दारोदार विचारत आलात. आमच्यापेक्षा मोठी झालात रे पोरांनो.” तेरांग आपण नारेपेक्षा दोन महिन्यांनी मोठे आहोत हे सांगायला त्या वेळी चक्क विसरला. पुढच्या मंगळवारपासून बोटीचा पत्ता आपण स्वतः लिहून घालू, असं नारेने बांग मालकांना बजावलं, आणि त्यांनी मुकाट्याने फोन तिच्या हातात दिला.

सन्योंग अजून लांबच उभी होती. तिच्या हातात वृद्धाश्रमाचे कागद होते. आजींनी तिला बघितलं. रागावल्या नाहीत, काही समजावलंही नाही.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

सन्योंगने नकारार्थी मान हलवली. पहाटेच्या गाडीने निघाली होती ती. आजींनी एक क्रेट उपडा करून तिच्यापुढे सरकवला, त्यावर भाताचा वाडगा ठेवला, त्यावर मांसाचा तुकडा. सन्योंग बसली. तिने कागदांची चौकोनी घडी केली, पुन्हा घडी केली, आणि पिशवीत खोल दडवली. दोन घास खाल्ले आणि चमचा बाजूला ठेवला.

“आई,” ती म्हणाली, “मी सहा वर्षांची होते. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. तू कधी बोललीच नाहीस. बाबा कसे होते गं?”

आजी तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी एकदा पाण्याकडे बघितलं. धुकं पार गेलं होतं आणि दूरपर्यंत सगळं लख्ख दिसत होतं.

“झोपाळू होते,” त्या म्हणाल्या. “उठवून उठवून माझा जीव जायचा. खा तू, सांगते.”

बोट सुटायची वेळ होऊन गेली होती. इंजिन कधीचं सुरू होतं, त्या आवाजात आजींचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तांडेल आत गेला आणि त्याने इंजिन बंद केलं.